पदर ओला, बोध कोरडा

सिनेमा माणसाला शहाणं करतो म्हणे. सटाण्याकडे हे शहाणपण घाऊक आलं. १९९१ साली 'माहेरची साडी' आला. पडद्यावर अलका कुबलचा सासुरवास बघून आमच्याकडच्या आयाबाया पदर ओला होईस्तोवर रडल्या. त्या सासूला शिव्यांची लाखोली वाहिली. मग घरात पाऊल टाकताच स्वतःच्या सुनेला म्हणाल्या, "का गं, भाकऱ्या अजून टाकल्या नाहीत?"

पुरुषांची शिकवणी निराळी. तमाशाच्या नादानं आदर्श मास्तर कसा मातीला मिळतो, हा १९७२च्या 'पिंजरा'चा बोध. तो डोक्यात पक्का बसावा म्हणून काहींनी सिनेमा पुन्हापुन्हा पाहिला. लावणी सुरू झाली की बोध घेण्याकडे लक्ष जरा जास्तच असे.

शेजारच्या मालेगावात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या पोरांनी बोधबिध घेतला नाही, सरळ 'मालेगाव के शोले' काढला. घोडे परवडेनात, तर डाकू सायकलींवर आले! सिनेमातून काही शिकायचंच असेल, तर मालेगावची एसटी पकडा. रस्ता तासाभराचाच आहे.