विमानाचा पंचनामा

नुकसानभरपाईच्या बाबतीत आमच्या तात्यांचा हात रोह्यात कोणी धरणार नाही. कोलाडजवळची जमीन महामार्गात गेली तेव्हा त्यांनी प्रांत कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. 3 जून 2020ला निसर्ग वादळात पडवीचे पत्रे उडाले, तर तलाठी यायच्या आधीच यांचा पंचनामा लिहून तयार. त्याने फक्त सही ठोकायची.

अशा माणसाचं विमान रद्द करण्याचं धाडस एका कंपनीने केलं.

नागपूरला त्यांच्या मेहुण्याकडे लग्न होतं. पहाटे निघालो, पनवेलला पोचतोय तोच मेसेज आला: ऑपरेशनल कारणास्तव उड्डाण रद्द. मी म्हटलं, "तात्या, मागे फिरूया."

"जागेवर गेल्याशिवाय पंचनामा होतो का रे?"

मुंबईच्या विमानतळावर तात्यांनी 'रद्द' लिहिलेल्या फलकाशेजारी उभं राहून, मनगटावरचं घड्याळ दिसेल असा फोटो काढून घेतला. मग पंच शोधायला निघाले. एका पोराने हसत सही दिली. दुसऱ्या गृहस्थांनी आधी विचारलं, "यात आमच्यावर काही येणार नाही ना?" काउंटरवरची मुलगी गोड आवाजात रिफंड देऊ करत होती. तात्या म्हणाले, "बाळ, ते आमचेच पैसे. भरपाईचं बोल."

आणि नियम खरोखरच आहे. विमान वाहतूक महासंचालनालयाने तो 2010 पासून लागू केलाय. वेळेत न कळवता उड्डाण रद्द केलं, तर रिफंड किंवा दुसऱ्या विमानाशिवाय वर भरपाई: तासाभराच्या प्रवासाला 5,000, दोन तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000 रुपये. किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार. दोहोंत जे कमी असेल ते. या शेपटावरून नियम लिहिणारा माणूस भूसंपादन खात्यातून बदलून आला असावा, असा तात्यांचा संशय आहे. नुसत्या उशिराला तर भरपाई काहीच नाही, खाणंपिणं मिळतं, फारच उशीर झाला तर दुसरं विमान, रिफंड किंवा हॉटेल. युरोपात तीन तास उशिरा पोचवलं तरी 250 ते 600 युरो द्यावे लागतात, तेही तिकीट कितीचं होतं हे न विचारता. हे मी तात्यांना सांगायला नको होतं. दोन दिवस जेवण गेलं नाही त्यांना.

अर्ज गेला. विषय, संदर्भ, महोदय, सोबत पंचांच्या सह्या. उत्तर आलं: खराब हवामानामुळे भरपाई देय नाही. नियमात ती पळवाट आहेच. हवामान, संप, सुरक्षा असलं कंपनीच्या हाताबाहेरचं काही असेल तर पैसे मिळत नाहीत. पण पनवेलच्या मेसेजात हवामानाचा 'ह'सुद्धा नव्हता. तात्यांनी तो परिशिष्ट 'अ' म्हणून जोडला. त्याच सकाळी दुसऱ्या कंपनीचं विमान नागपुरात उतरल्याचा पुरावा परिशिष्ट 'ब'. आणि मेहुण्याचं 'ऊन मरणाचं होतं' हे निवेदन परिशिष्ट 'क'. सगळं सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर चढवलं, म्हणजे मी चढवलं. तात्या मागे उभे राहून 'शिक्का कुठे मारायचा' विचारत होते.

पैसे आले. जे कमी तेच आले, 7,500च्या जागी चार हजार आणि काही. मी पेढे आणायला निघालो, तर तात्या नव्या फायलीला दोरी ओवत बसलेले. वर लाल शाईत लिहिलं होतं, 'वाढीव मोबदला'.

"अरे, पहिला निवाडा कमीच निघतो. जमिनीच्या वेळी नव्हता का निघाला?"