मोर्णेतली हजेरी

१३ जानेवारी २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता. या वाराची किंमत ज्याच्या घरात सरकारी नोकरदार आहे त्यालाच कळते. तेव्हा पाच दिवसांचा आठवडा आलेला नव्हता. दुसरा आणि चौथा शनिवार एवढीच काय ती चैन. त्यात दुसऱ्या दिवशी संक्रांत. अशा सकाळी अकोल्यातल्या कचेऱ्यांमधली मंडळी पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून मोर्णा नदीच्या काठावर हजर होती. स्वेच्छेने. नदी साफ करायची मोहीम खुद्द जिल्हाधिकाऱ्यांनी हाती घेतल्यामुळे ही इच्छा सगळ्यांना एकदमच झाली, असं म्हणणारे चार लोक प्रत्येक कचेरीत असतातच.

नदी समोर आहे, असं नुसतं म्हणायचं. दिसत होतं ते हिरवंगार मैदान. जलपर्णी!

चार किलोमीटरचा पट्टा, चौदा ठिकाणं आणि सुमारे सहा हजार माणसं. शंभराहून अधिक संस्था, कॉलेजची पोरं, घरच्या बाया, आजोबा, सगळे. कचेरीवाल्यांनी मात्र सवयीप्रमाणे रांग धरली आणि गठ्ठे हातोहात पुढे सरकू लागले. एरवी ज्या हातांतून फायलीला तीन टेबलं ओलांडायला महिना लागतो, त्याच हातांतून ओला गठ्ठा मिनिटभरात काठावर पोचत होता. कुणी शेरा मारत नव्हतं, ‘चर्चा करावी’ असं लिहीत नव्हतं. आणि ज्याला रोज चहा आणायला पिटाळायचं तो शिपाई साहेबांना बजावत होता, “साहेब, जरा बाजूले सरका, पाय फसन तुमचा.” साहेब निमूट सरकत होते.

या वनस्पतीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर सकाळभर आख्खी कचेरी नदीतलं पाणीच उचलून काठावर ठेवत होती.

जलपर्णी मूळची अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळी फुलं सुंदर दिसतात म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात आली आणि तिने तिथली तळी, नद्या, भातशेती सगळं व्यापलं. शेवटी १९३६ साली बंगाल सरकारला तिच्याविरुद्ध कायदाच करावा लागला. अमेरिकेत तर १९१० मध्ये लुईझियानाचे लोकप्रतिनिधी रॉबर्ट ब्रुसार्ड यांनी, ही वनस्पती खायला आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत, असं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही, हे बरंच झालं. नाहीतर पाणघोडा कोणत्या वेतनश्रेणीत बसवायचा यावर आपल्याकडे आजही पत्रव्यवहार चालला असता. भारताने १९८० च्या दशकात त्यापेक्षा लहान कर्मचारी नेमले: जलपर्णीची पानं कुरतडणारे भुंगे. काम संथ, पण टीए-डीए मागत नाहीत.

२८ जानेवारीला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मोर्णेचं नाव घेतलं. अकोल्याच्या छात्या फुगल्या. नदी पूर्ण साफ होईपर्यंत हे काम दर शनिवारी सकाळी चालणार, हेही त्यांनी देशाला सांगून टाकलं. आता ‘येत्या शनिवारी सासुरवाडीत लग्न आहे’ म्हणायची सोय कुठे राहिली?

गंमत पुढेच आहे. जलपर्णीला अनुकूल पाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं तग धरतं. कारकून लागलेला माणूस तेवढ्यात दोन बढत्या घेतो. आणि तिचा खुराक काय? सांडपाण्यातलं नायट्रोजन, फॉस्फेट. म्हणजे शनिवारी सकाळी दोन तास जी उपटायची, तिलाच उरलेल्या आठवड्यात आपल्या न्हाणीघरातून, संडासातून रतीब घालायचा. उपटणारा आणि पोसणारा एकच!

म्हणून पुन्हा कधी तुमच्या कचेरीत नदीवर जायचं परिपत्रक आलं, तर अवश्य जा. कोपरापर्यंतचे हातमोजे न्या. उपटलेला ढीग काठावर सोडू नका, ट्रॅक्टर बोलवा. नाहीतर पहिल्याच पुरात तो परत नदीत रुजू होतो. आणि सोमवारी आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला एवढंच विचारा, भाऊ, आमच्या गल्लीतली नाली जाते कुठे?