झेला

रत्नागिरीच्या आमच्या घरात पडवीच्या वाशांना लागून एक झेला वर्षातले नऊ-दहा महिने आडवा निजलेला असतो. लांब बांबू, टोकाला कडं, कड्याला सुतळीची जाळी. जाळीत तेव्हा काही नसतं. फार तर एखाद्या कोळ्याने, आपल्याहून भरड विणणारा हा धंदेवाला कोण म्हणून अंदाज घेत, तिच्या कोपऱ्यात आपलं छोटंसं दुकान मांडलेलं असतं. हापूस तयार होऊ लागला की नाना काका झेला खाली घेतात, कोळ्याला सन्मानाने पडवीच्या खांबावर नेऊन सोडतात आणि सुतळीची एकेक गाठ ओढून बघतात. सतारीच्या तारा लावणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो तसा भाव तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असतो.

मला नेहमी नवल वाटतं ते या अवजाराच्या नावाचं. लाटणं लाटतं, किसणी किसते, गाळणी गाळते. मराठी घरातल्या वस्तूंची नावं म्हणजे त्यांच्या नोकरीतले हुद्देच. या काठीची खरी नोकरी झाडावरचा आंबा तोडण्याची. पण नाव ठेवणाऱ्याने तोडण्याकडे काणाडोळा केला आणि त्यानंतरच्या अर्ध्या क्षणाला नाव दिलं. तुटलं ते तुटलं, आता पडेल त्याचं काय, एवढीच काळजी त्या नावात आहे. हा कुणी अनाम माणूस झाडाखाली उभा राहून फळाच्या बाजूने विचार करत असला पाहिजे.

एरवीही कोकणात सगळं वरूनच येतं. आंबा, फणस, सुपारी, झावळ्या आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस. त्यामुळे आमची सारी कारागिरी मान वर करून सुचलेली. नळ्याची कौलं बघा. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. पालथीने पाणी द्यायचं, उताणीने घ्यायचं. ते पुढे पोफळीचं खोड उभं चिरून केलेल्या पन्हळीत जायचं. एका घरातली माणसं एकमेकांचं इतकं निमूटपणे क्वचितच झेलतात. पुढे मंगळुरी कौलं आली, खाचेत खाच अडकवून बसणारी, शिस्तीची. तरी शाकारणीला माणूस वर चढतोच, कारण माकडांना शिस्त मान्य नाही. इरल्याचंही तसंच. छत्री ही ताठ उभ्या माणसासाठी काढलेली युक्ती आहे. भात लावताना कमरेत वाकलेल्या बाईच्या पाठीवर पाऊस पडतो आणि तिचे दोन्ही हात चिखलात असतात. बांबूच्या कामट्या नि पानं घेऊन ज्याने कुणी तिच्या पाठीचं माप काढलं, त्याला बक्षीस द्यायला आज आपल्याकडे समित्या आहेत, पत्ता नाही. नारळासाठी मात्र कुणी काही केलं नाही. नारळाला डोळे असतात, तो बघून पडतो, असं म्हणून आम्ही तो विषय मिटवला आहे.

नानांच्या भाषेत आंबा ‘चौदा आणे’ झाला की काढायचा. सोळा आणे झाडावर होऊ दिला तर तो पेटीत बसून परगावी जाण्याच्या लायकीचा राहत नाही. देशातून आणा हद्दपार होऊ लागला 1957 साली. आमच्या बागेत तो अजून चलनात आहे, आणि त्याची किंमतही टिकून आहे. जुन्या झेल्याने आंबा ओढला की कधीकधी देठ मुळापासून निघे, चीक फळावर ओघळे आणि पिकल्यावर तिथे काळा डाग उमटे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने यावर ‘नूतन झेला’ काढला. त्याच्या पात्याने देठ थोडा राखून कापला जातो आणि आंबा देठासकट जाळीत उतरतो. नाव ऐकून नानांना प्रथम सिनेमातली नूतन आठवली आणि ते थोडे लाजले. मग दोन दिवस त्यांनी त्या झेल्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसं बघितलं. तिसऱ्या दिवशी एक आंबा उतरवला, देठ न्याहाळला आणि म्हणाले, “बरं आहे. फळाला कळता कामा नये, तुटलंय ते.”

हे वाक्य डोक्यात घेऊन एकदा मी थिबा पॅलेसमध्ये गेलो. ब्रह्मदेशचा राजा थिबा 1885 साली मंडालेच्या सिंहासनावरून पडला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. इंग्रजांनी पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि त्याच्यासाठी राजवाडा उभा राहिला तो 1910 साली. झेला धरायला चोवीस वर्षं लागली! वाडा सुरेख आहे. उतरती छपरं, कोरीव लाकडाच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या, नाचासाठी संगमरवरी दालन. त्यात राजा जेमतेम सहा वर्षं राहिला आणि 1916 साली इथेच गेला. मी एका खिडकीशी उभा राहिलो. खाली खाडी, पलीकडे समुद्र. एवढ्या देखण्या कमानीतून माणूस रोज आपल्या गावाची नसलेली बाजू बघत असेल, तर त्या कमानीने तरी काय करावं? नानांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “देठ राहिला नव्हता रे त्याचा.”

आता नाना ऐंशीच्या पुढे आहेत. यंदाही बागेत जायचं म्हणून हटून बसले. पडवीच्या पायऱ्या जांभ्याच्या, पावसाने मधोमध खोलगट झालेल्या. ते उतरू लागले तसा मी न बोलता एक पायरी खाली जाऊन उभा राहिलो आणि त्यांच्या कोपराखाली, न लागेल असा, हात धरला. नाना थांबले. माझ्या हाताकडे बघितलं, मग वर वाशांकडे.

“काय रे,” म्हणाले, “किती आणे झालो?”

“चौदा,” मी म्हटलं.

“लबाड,” म्हणाले आणि कोपर माझ्या तळहातावर टेकवून पुढची पायरी उतरले.