साडूंचं वेळापत्रक आणि आंबोलीचा पाऊस

पुण्याहून गाडीने गोव्याला निघालेल्या माणसाच्या लेखी वाटेतली गावं चहा, डिझेल आणि शौचालय या तीनच कारणांसाठी वसवलेली असतात. निपाणी गेली, आजरा मागे पडलं की तो गाडीतच बूट काढून वाळूत चालायच्या तयारीला लागतो. आंबोली ही त्याच्या हिशेबी घाट सुरू झाल्याची पाटी. आमच्या साडूंच्या वेळापत्रकात तिला बारा मिनिटं होती, आणि त्यांतली सात कांदाभज्यांसाठी राखीव होती.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. सहलीला निघताना ते कपडे नंतर भरतात, आधी तक्ता छापतात. त्याच्या प्रती गाडीत सगळ्यांना वाटतात आणि 'निसर्ग' हा रकाना त्यात नेहमी जेवण आणि वामकुक्षी यांच्या मध्ये असतो. मी कधी 'जरा थांबू या का?' म्हणालो तर ते तक्त्याकडे अशा करुण नजरेने पाहतात, की मीच माझी लघवीसुद्धा पुढे ढकलतो.

तर अशा माणसासमोर, भर जुलैत, आंबोली घाटात झाड आडवं पडलं.

प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेतलेला एक माणूस गाड्या परतवत होता. साडूंनी काच खाली करून विचारलं, "रस्ता किती वाजता मोकळा होईल?"

"झाड तोडल्यार."

"झाड कधी तोडणार?"

"पाऊस थांबल्यार."

पाऊस कधी थांबणार हे विचारायचं त्यांच्या ओठांवर होतं. पण ताईंनी काच वर केली. ते बरं झालं, कारण खरं उत्तर 'ऑक्टोबरात' असं होतं. समुद्रावरून आलेले ढग कोकण ओलांडून सह्याद्रीला धडकतात आणि साधारण सातशे मीटर उंचीवरच्या या गावावर सगळं ओझं उतरवून मोकळे होतात. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. म्हणजे पुण्याला जो पाऊस पुरवून पुरवून दहा वर्षं वापरावा लागतो, तो आंबोली एका हंगामात उडवते.

खोळवाल्या माणसाने "माज्या वयनीकडे खोली आसा" म्हणून आम्हाला एका कौलारू घरात पोचवलं. त्याची ही वयनी, म्हणजे आमच्यासाठी काकी, ओसरीवरच होत्या. आम्ही कोण, कुठले, किती भाडं देणार, यातलं काहीही न विचारता त्यांनी पहिला प्रश्न केला, "उकड्या तांदळाची पेज चलात मां?" साडूंच्या तक्त्यात त्या वेळेला मडगावच्या हॉटेलातला पापलेट होता. पेज आली, बरोबर कुळथाची पिठी आणि भाजलेला पापड. साडूंनी तीनदा वाढून घेतली आणि तरीही चेहरा अन्याय झाल्यासारखाच ठेवला. हे कौशल्य आमच्या सासुरवाडीत फक्त त्यांनाच साधलं आहे.

थांबणं हा या गावाचा जुना धंदा आहे, हे मला मागाहून उमगलं. इंग्रजांच्या काळात वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने बेळगावच्या छावणीकडे जाई आणि आंबोली हा त्यातला एक मुक्काम. घाट चढून थकलेला माणूस दारात आला की आधी त्याला खाऊ घालायचं, चौकशी नंतर, ही रीत तेव्हाची असावी. निदान काकींच्या हातातली तरी तेव्हाचीच वाटली.

अडकलोच आहोत तर 'पॉइंट' उरकू, असं साडूंनी ठरवलं. महादेवगड पॉइंटवर गेलो. समोर पांढरं. खाली पांढरं. आपला हात लांब केला तर तोही फिकट. साडूंनी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला: 'महादेवगडावरून दिसणारं कोकण.' पुढे कावळेसादला गेल्यावर त्यांनी तोच फोटो 'कावळेसादची दरी' म्हणून पुन्हा टाकला. कोणीही हरकत घेतली नाही. उलट नाशिकच्या आत्यांनी दुसरा जास्त छान आल्याचं कळवलं.

कावळेसादला मात्र एक गोष्ट दिसली. दरीतून वर येणारा वारा इतका दांडगा, की कड्यावरून पडू पाहणारं पाणी तो उलटं वर भिरकावतो. एका तरुणाने मोठ्या रुबाबात वेफर्सचं रिकामं पाकीट दरीत फेकलं. दरीने ते तत्काळ त्याच्या तोंडावर परत मारलं. त्याने पुन्हा फेकलं. पुन्हा परत. शेवटी त्याने ते निमूटपणे खिशात घातलं. कचऱ्याच्या नियमाची इतकी चोख अंमलबजावणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मग हिरण्यकेशी. गुहेतून पाणी येतं, त्यापाशी महादेवाचं देऊळ, पुढे कुंड. इथून निघालेली हिरण्यकेशी नदी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. हे ऐकून साडू हादरले. "अहो, अरबी समुद्र हा इथे खाली, दोन तासांवर! आणि ही आख्खा देश ओलांडून जाते?" त्यांच्या हाती असतं तर नदीलाही त्यांनी तक्ता छापून दिला असता.

कुंडाच्या तळाशी बोटाएवढे मासे हलत होते. हा 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. 2020 साली विज्ञानाने त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि 2021 साली सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. वाट दाखवायला आलेला काकींचा मुलगा ही माहिती सांगत असताना साडू पाण्यावर वाकून एकाग्र झाले होते. मला वाटलं, माणूस बदलला. तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "रवा लावून कसा लागत असेल?" मुलगा पुजाऱ्यासारखा दचकला. ताईंनी नवऱ्याला दंड धरून देवळात नेलं आणि महादेवापुढे उभं केलं.

रात्री हाच मुलगा टॉर्च घेऊन आला. पावसाळ्यात बेडूक दाखवायला लोकांना नेणं हे त्याचं काम. आम्ही पैसे ठरवत होतो ते ऐकून काकी चुलीपासून उठून आल्या. "बेडूक बघूक पैशे? आमच्या न्हाणीत येवा, फुकट दाखवतंय!" मुलगा ओशाळला. पण घरच्या माणसाने आपल्या धंद्याचं असं जाहीर मूल्यमापन केलं, की कोणीही ओशाळेल. मी लेखक असल्याने हे मला ठाऊक आहे.

बाहेर पडलो आणि दिवसभर दडलेली आंबोली हातभर अंतरावर उघडली. दिवसा लांबचं बघायला गेलो तर धुकं. रात्री टॉर्चच्या उजेडात जेवढं मावेल तेवढंच, पण ते गच्च भरलेलं. एका टाक्यावरच्या फांदीवर मलबारी उडता बेडूक बसला होता, हिरवागार, आणि बोटांमधले पडदे चक्क लाल. हा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत उतरतो. पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं करतो. आत अंडी फुटली की पिल्लं टपकन खाली पाण्यात. पुढे जांभ्या खडकाच्या सड्यावर अंगावर पिवळसर पट्टे असलेला छोटा भेक दिसला. विज्ञानाने 2009 साली नोंदवलेली ही जात आंबोलीचीच आणि अत्यंत धोक्यात असलेली. तो नेमका आमच्या वाटेत बसला होता. साडू थांबले. मुलाने टॉर्च धरली. भेक हलेना. मिनिटं गेली. साडूंनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. एरवी सिग्नलला हिरवा दिवा लागायच्या आधी पुढच्याला हॉर्न देणारा हा गृहस्थ छत्री भेकावर धरून भिजत उभा होता.

"अहो, बेडकाला कशाला छत्री?" ताई म्हणाल्या.

"हळू बोल," साडू म्हणाले, "तो विचार करतोय."

सकाळी रस्ता मोकळा झाल्याची बातमी आली तेव्हा साडू आंघोळीला गेले होते. पुष्कळ वेळ गेले होते. बाहेर आले तेव्हा चेहरा उजळलेला. "काकी खरं बोलत होत्या," एवढंच म्हणाले. तक्ता त्यांनी ओल्या बुटांत कोंबला होता.

निघताना काकींनी कोकमं बांधून दिली, पैसे मोजून घेतले नाहीत आणि गाडीच्या खिडकीशी येऊन मनापासून सांगितलं, "आता परत येशात तेवा पाऊस नसताना येवा. कायतरी दिसात तरी."

"पण काकी, तेव्हा बेडूक कुठे असतात?" साडूंनी काळजीने विचारलं.

"माका काय म्हायत? मी तेंका कदी इचारूक नाय."