जावईबापूंचा डोंगर

लिऑन,
14 सप्टेंबर

ती. आबा आणि ती. सौ. आई यांस,


ओजसने व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो बघून रात्री तुमचा फोन आला, "जावईबापू रस्त्याकडेला का झोपलेत? कुणी धडक दिली का?" कुणीही धडक दिलेली नाही. ते दोन महिने तयारी करून, सुट्टी टाकून, स्वखुशीने तिथे आडवे झाले होते. फोनवर नीट सांगता आलं नाही, कारण समीर शेजारीच पाय गरम पाण्यात सोडून बसला होता. म्हणून हे पत्र.

आमच्या लिऑनपासून गाडीने अडीच-तीन तास दक्षिणेला प्रोव्हान्स प्रांत लागतो. तिथे मों वाँतू नावाचा एक डोंगर आहे. आजूबाजूला सगळी द्राक्षं आणि चेरीच्या बागा, आणि मधेच हा टकल्या एकटा उभा. उंची 1,900 मीटरच्या वर. पायथ्याच्या बेद्वाँ गावातून माथ्यापर्यंत 21 किलोमीटर रस्ता आणि जवळजवळ 1,600 मीटर चढ. म्हणजे समुद्राच्या काठावरून निघायचं आणि सायकल मारत कळसूबाईच्या माथ्याच्या आसपास पोचायचं. वर देऊळ नाही, प्रसाद नाही. एक मनोरा आहे आणि गोळ्या-चॉकलेटं, सॉसेज विकणारा एक ठेला. तरीही जगभरची माणसं इथे येऊन घाम गाळतात, कारण टूर द फ्रान्स ही शर्यत 1951 पासून अधूनमधून या डोंगरावर येते.

समीरच्या ऑफिसातले दोघे तो चढलेले. तेवढं कारण पुरलं. जुलैपासून घरात तराजू आला. भात गेला. मग ती चड्डी आली, अंगाला चिकटलेली आणि बुडाखाली गादी शिवलेली. आई, पुढचं वाक्य आबांना वाचून दाखवू नकोस : तुझ्या जावयाने पायांचे केस काढलेत. सगळे सायकलवाले काढतात म्हणे. पडल्यावर जखम धुवायला सोपं जातं. म्हणजे पडायचीही तयारी होती.

मी मात्र बेद्वाँतल्या दुकानातून बॅटरीची सायकल भाड्याने घेतली. ओजस आणि आमची मैत्रीण गाडीतून मागे, सोबत दशम्या, तिळाची चटणी आणि तुम्ही मे महिन्यात दिलेले बेदाणे.

पहिले पाच-सहा किलोमीटर रस्ता बागांमधून जातो आणि चढ फारसा जाणवत नाही. समीर मान खाली घालून हृदयाचे ठोके मोजत होता आणि मी वेली बघत होते. आबा, तुम्ही असता तर तिथेच सायकल टाकून बांधावर उतरला असता. मांडव नाही, तार नाही, बांबू नाही! बऱ्याच जुन्या बागांत गुडघ्याएवढं खोड, वाकडंतिकडं, आणि त्यावर चार-पाच फांद्या पेल्यासारख्या वर पसरलेल्या. कुणी लावून विसरून गेल्यासारखी बाग. पाणीही द्यायचं तर नियम आहेत. टँकरचे पैसे भरून तुम्ही जगवलेली बाग आठवली आणि मला उगाचच राग आला.

तोडणी चालू होती. ज्यांच्या घरी आम्ही दोन रात्री राहिलो त्यांचीच बाग होती, त्यांनी एक घड हातात दिला. मणी केवढा म्हणाल, तर आपल्याकडे विरळणीत काढून टाकतात तेवढा. साल जाड, आत बिया, आणि गोडी अशी की बोटं एकमेकांना चिकटली. मी म्हटलं, आमचे वडील मणी फुगवायला घड जीएच्या पाण्यात बुडवतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुधात पाणी घालते असं कबूल केलंय. त्यांना मणी छोटाच हवा, कारण रंग आणि चव सालीत असते आणि त्यांना वाइन करायची असते. ज्या मण्याला तासगावचा व्यापारी नाक मुरडेल, त्याच्यावर यांचं घर चालतं.

पण पानांवर निळसर डाग दिसले आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मोरचूद आणि चुना! तुम्ही आयुष्यभर पिंपात ढवळत आलेलं बोर्डो. मला लहानपणी वाटायचं, बोर्डो म्हणजे कुठल्यातरी कंपनीचं नाव. ते इथलं, फ्रान्सच्या पश्चिमेकडचं शहर निघालं. तिकडचे बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं पाणी मारायचे ते द्राक्षं चोरणाऱ्यांना भीती वाटावी म्हणून. 1882 मध्ये मियार्दे नावाच्या प्राध्यापकाला दिसलं की आतल्या वेलींची पानं डावणी रोगाने गळलीत आणि चोरांसाठी फवारलेल्या वेलींची शाबूत आहेत. झालं औषध! म्हणजे डावणीवरचा पहिला इलाज द्राक्षचोरांच्या कृपेने सापडला. आपल्या विहिरीकडच्या ओळीतले घड नेणाऱ्या पोरांना हे सांगू नका, हिस्सा मागतील.

आणखी एक. आपली बाग डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेली आहे ना? इथेही खुंट अमेरिकेचाच. 1860 च्या दशकात इथून जवळच्या रोन नदीच्या पलीकडच्या काठाला मुळं खाणारी एक बारीक कीड पहिल्यांदा दिसली आणि मग तिने देशभरच्या बागा बसवल्या. कीडही अमेरिकेतूनच आलेली. शेवटी तिकडच्याच खुंटावर इथल्या काड्या बांधून वाइन वाचली. हे ऐकल्यावर ते गृहस्थ आणि मी एकदम नात्यातले झालो.

असो. डोंगर राहिलाच.

एका वळणावर बागा संपतात आणि जंगल सुरू होतं. तिथून नऊ-दहा किलोमीटर सरळ छातीवर येणारा चढ, नऊ-दहा टक्क्यांचा. वारा नाही, दिसायला काही नाही, नुसता स्वतःच्या श्वासाचा आवाज. दर किलोमीटरला एक दगड, त्यावर पुढचा चढ किती टक्के ते लिहिलेलं. आपल्याकडे निदान वाईट बातमी जरा आडून सांगतात. समीरचा वेग सहावर आला. ओजसने खिडकीतून मान काढून सांगितलं, "बाबा, माणूस पाचने चालतो." तेवढ्यात सत्तरीचे एक आजोबा शीळ घालत पुढे गेले आणि जाताना "कुराज!" म्हणाले. हिंमत धरा म्हणे. समीर म्हणतो, त्याचा अर्धा जीव तिथेच गेला.

मी बॅटरी पूर्ण जोरावर ठेवून केव्हाच पुढे गेले होते. या डोंगराबद्दल पत्र लिहिणारी मी पहिली नव्हे. 1336 साली पेत्रार्क नावाचा कवी धाकट्या भावाला घेऊन वर गेला आणि त्याने लांबलचक पत्र लिहून ठेवलं. भाऊ सरळ चढाने वर गेला आणि कवी सोपी वाट शोधत पुन्हा पुन्हा खाली उतरत राहिला. वाटेत त्यांना एक म्हातारा मेंढपाळ भेटला. म्हणाला, मी पन्नास वर्षांपूर्वी गेलो होतो, फाटके कपडे आणि पश्चात्ताप यापलीकडे काही मिळालं नाही, जाऊ नका. आबा, ते वाचताना मला तुमचाच आवाज ऐकू आला.

शाले रेनार नावाच्या उपाहारगृहाशी झाडी संपते. वर सहा किलोमीटर नुसती पांढरी खडी, चंद्रावर आल्यासारखी. जहाजं बांधायला शेकडो वर्षं इथली झाडं तोडली म्हणे. नेमकी इथेच माझी बॅटरी संपली. बावीस किलोची सायकल, समोरून वारा आणि मी. काही वेळाने मागून घरघर ऐकू आली आणि तुमचे जावई मला मागे टाकून गेले. बोलले काहीच नाहीत, श्वास नव्हता. पण पाठसुद्धा हसू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

माथ्याच्या थोडं खाली टॉम सिम्पसनचा दगड आहे. 13 जुलै 1967 ला शर्यतीत हा इंग्रज गडी भर उन्हात इथे कोसळला आणि गेला. वय एकोणतीस. पोटात उत्तेजक गोळ्या आणि ब्रँडी होती. येणारे-जाणारे तिथे पाण्याच्या बाटल्या, टोप्या ठेवतात. मी खिशातले चार बेदाणे ठेवले. वाऱ्याने ते लगेच उडवून नेले. तो फोटो तिथूनच जरा वरचा आहे. समीर बसायला म्हणून टेकला आणि आडवाच झाला. मग उठून वर गेला. तीन तास बारा मिनिटं. मी सायकल ढकलत पोचले तेव्हा तो ठेल्यावर सॉसेज खात होता आणि दशम्या गाडीत होत्या.

एक काम आहे. बागवाल्या गृहस्थांना मी सांगितलं की आपण वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळ छाटणी. त्यांच्याकडे हिवाळ्यात वेल पानं टाकून चार महिने निजते, मग एकदाच छाटायची. त्यांनी विचारलं, "मग तुमची वेल झोपते कधी?" मला उत्तर आलं नाही. तुम्ही सांगा, मी त्यांना कळवीन. पुढच्या महिन्यात छाटणी झाली की बागेचा एक फोटोही पाठवा, त्यांचा विश्वास बसलेला नाही.

आईच्या गुडघ्याला तेल लावता ना? ओजसचा नमस्कार.

तुमची,
वैशू

ता. क. या डोंगरावर तीन बाजूंनी तीन रस्ते जातात आणि एका दिवसात तिन्ही चढणाऱ्यांचा एक क्लब आहे. क्लबच्या नावातच 'येडे' आहे. काल रात्री समीरच्या कॉम्प्युटरवर मला त्याचा फॉर्म उघडा दिसला. आबा, रविवारी त्याला एक फोन करा. मेंढपाळ व्हायचंय.