गादीवर बसून ओढणे

आमचे भाचेजावई डॅलसच्या उत्तरेला, प्लेनो नावाच्या गावी, एका बँकेच्या संगणकांची निगा राखतात. या कामात दिवसभरात उचलावी लागणारी सर्वांत जड वस्तू म्हणजे लॅपटॉप, आणि तोही अलीकडे फार हलका झाला आहे. तरीही मध्यंतरी कित्येक महिने त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता: पिकअप ट्रक घ्यायचा, तर तो ओढण्याच्या ताकदीचा घ्यायचा की बसण्याच्या सुखाचा?

घ्यायचा की नाही, हा प्रश्न नव्हे. टेक्सासात तो कुणी विचारत नाही. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा पिकअप आहे. इतकी वर्षं सलग खुर्चीवर राहणं आमच्या सातारा-सांगलीकडे फक्त साखर कारखान्याच्या अध्यक्षांना जमतं, आणि त्यांनाही मधूनमधून निवडणूक घ्यावी लागते.

जावईबापू पद्धतशीर माणूस. त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केला. डावीकडे ताकद, उजवीकडे सुख. दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर तो तक्ता मला दाखवला जातो. "मामा, तुम्ही त्रयस्थ आहात, तुम्ही सांगा," असं ते म्हणतात. मी त्रयस्थ आहे, कारण माझ्याकडे स्कूटर आहे.

डावी बाजू आधी. फोर्डच्या याच मालिकेतली, नीट निवडलेली एफ-१५० १३,५०० पौंडांपर्यंत ओढते. म्हणजे सहा टनांच्या वर. पन्नास किलोची कांद्याची १२२ पोती लासलगावहून निघावीत आणि वाटेत कुठे धाप लागू नये, एवढी ही ताकद. प्लेनोत कांदा भारतीय किराणा दुकानात जाळीच्या पिशवीत मिळतो आणि जावईबापू तो एका हाताने उचलतात. मग ओढायचं काय? तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना आहे. पहिली नोंद 'बोट'. बोट नाही. दुसरी 'कॅम्पर', म्हणजे चाकांवरची खोली. ती घ्यायची आहे, पण स्वतंत्र बाथरूम आणि गरम पाणी असल्याशिवाय भाची कुठे मुक्काम करत नाही, त्यामुळे कॅम्पर दर शनिवारी लांबत आणि जड होत चालला आहे. तिसरी नोंद 'मंडळाच्या गणपतीचं मखर'. ते खरं आहे, वर्षातून एकदा कोणाच्या तरी गॅरेजमधून शाळेच्या हॉलपर्यंत न्यावं लागतं. चौथा प्रश्न तक्त्यात नाही, तो भाचीने विचारला: हे सगळं उभं कुठे करायचं? त्यांच्या वसाहतीच्या नियमावलीत घरापुढे ट्रेलर, बोट किंवा कॅम्पर लावायला मनाई आहे. ओढण्याची ताकद लावून ठेवायला हरकत नाही, ओढायची वस्तू मात्र कुणाच्या दृष्टीस पडता कामा नये.

या बाबतीत जावईबापू एकटे नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. स्ट्रॅटेजिक व्हिजन या संस्थेच्या २०१९ मध्ये गाजलेल्या पाहणीत शंभरातल्या ७५ पिकअपमालकांनी सांगितलं की आपण वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा काही ओढतो. म्हणजे देशभर लाखो हूक गाड्यांच्या मागे लटकून आहेत आणि त्यांचं मुख्य काम पार्किंगमध्ये शेजारून जाणाऱ्याच्या नडगीला लागणं हे आहे.

आता उजवी बाजू. इथे मात्र अमेरिकेने कसूर ठेवलेली नाही. एफ-१५० मध्ये जवळजवळ सपाट होणारी सीट मिळते, म्हणजे दुपारची झोप ट्रकमध्ये काढता येते. गिअरची दांडी बटण दाबलं की खाली झोपते आणि तिच्या जागी छोटं टेबल तयार होतं. रॅम कंपनीच्या वरच्या मॉडेलमध्ये पाठ रगडून देणारी सीट आहे. जीएमसी कंपनीच्या ट्रकच्या मागच्या फाळक्याची सहा प्रकारे घडी पडते आणि पैसे मोजले तर त्यात स्पीकरही बसवून मिळतात. फोर्डच्या एका मॉडेलचं नाव 'किंग रँच'. टेक्सासच्या दक्षिण भागात १८५३ पासून चालत आलेलं हे प्रचंड मोठं गुरांचं कुरण, त्याच्या नावाने हे मॉडेल. गुरांचा संबंध आता सीटच्या कातड्यापुरता. अशा सगळ्या सुखांची किंमत सत्तर हजार डॉलरच्या पुढे सहज जाते.

हे कुठून कुठे आलं पाहा. १९२५ मध्ये फोर्डने मॉडेल टीच्या पाठीला सामान टाकायचा हौदा लावून आपला पहिला तयार पिकअप विकला, तेव्हा किंमत होती २८१ डॉलर. पुढची कित्येक वर्षं ट्रकमध्ये हौदा मोठा आणि माणसांची जागा लहान असायची. एका अमेरिकी वृत्तसंस्थेने मध्यंतरी जुनी आणि नवी एफ-१५० शेजारी ठेवून मापं काढली. जुन्या गाडीत ३६ टक्के भाग माणसांचा आणि ६४ टक्के सामानाचा; २०२१ च्या गाडीत ६३ टक्के माणसांचा आणि ३७ टक्के सामानाचा. सामानाने अर्धशतकात जागा खाली करून दिली. भाडेकरू इतक्या समंजसपणे घर सोडतो, हे पुण्यात कुणाला पटणार नाही.

यात एक कोंबडी आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर जबर कर लावला. अमेरिका चिडली. डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उलट २५ टक्के आयातकर लावला तो चार गोष्टींवर: बटाट्याचा स्टार्च, डेक्सट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. पहिल्या तिन्ही काळाच्या ओघात सुटल्या. ट्रकवरचा कर अजून आहे. कोंबड्या केव्हाच खाऊन झाल्या, पण परदेशी छोट्या पिकअपची वाट अडली ती अडलीच, आणि देशी ट्रकांना फुगायला मोकळं रान मिळालं.

त्यातूनही सुबारू या जपानी कंपनीने शक्कल काढली. १९७७-७८ च्या सुमारास तिने 'ब्रॅट' नावाची छोटी गाडी आणली आणि मागच्या हौद्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे तोंड करून, ठोकून दिल्या. ज्यात खुर्ची आहे तो ट्रक नव्हे, प्रवासी गाडी. सबब कोंबडीचा कर लागू नाही. पिकअपच्या इतिहासात माणसाच्या बैठकीचा इतका कळवळा आधी कुणी केला नव्हता. त्या खुर्च्यांवर उन्हातान्हात, वाऱ्यावर केस उडवत, मागे पळणाऱ्या रस्त्याकडे पाहत बसायचं. रोनाल्ड रेगन यांनीही आपल्या कॅलिफोर्नियातल्या रँचवर एक ब्रॅट ठेवली होती. देशी मालाचा अभिमान बाळगणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या गोठ्यात जपानी गाडी, तीही करातून पळवाट काढून आलेली. जावईबापूंना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मामा, विषय भरकटतोय."

मग ते मला परीक्षेबद्दल सांगू लागले. पूर्वी प्रत्येक कंपनी ओढण्याचा आकडा आपापल्या घरी काढायची आणि दरवर्षी शेजाऱ्यापेक्षा शंभर पौंड जास्त निघायचा. अखेर मोटार-अभियंत्यांच्या संघटनेने, एसएईने, २००८ मध्ये जे-२८०७ नावाची एकच परीक्षा ठरवून दिली. टोयोटाने ती सर्वांत आधी मानली, बाकीच्यांना बरीच वर्षं लागली. परीक्षेतला कठीण पेपर म्हणजे ॲरिझोनातला डेव्हिस धरणाजवळचा चढ. कोलोरॅडो नदीकाठापासून वर साधारण साडेअकरा मैल, उष्णता शंभर फॅरेनहाइट म्हणजे अडतीस सेल्सिअस, मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर, वेग ताशी चाळीस मैलांच्या खाली जाता कामा नये. आणि एसी पूर्ण चालू.

हे ऐकून मी थांबलो. आम्ही उन्हाळ्यात पुण्याहून येताना खंबाटकीच्या पायथ्याशी ड्रायव्हर न सांगता एसी बंद करतो, काचा खाली होतात, आणि सगळं कुटुंब घाम पुसत गाडीला मनातून हात लावतं. ताकद आणि सुख यांत निवड करावी लागते, ती तिथे. डेव्हिस धरणाच्या चढावर मात्र सुख हाच परीक्षेचा नियम आहे. गार वारा चालू ठेवून सहा टन ओढलेत तरच पास.

पण ही परीक्षा देणारी गाडी आणि विक्रेता दाखवतो ती गाडी यांत फरक असतो. १३,५०० चा आकडा ठरावीक इंजिन, ठरावीक ॲक्सल, ठरावीक केबिनच्या गाडीचा. तिच्यावर काचेचं छत चढवा, रगडणाऱ्या सीटच्या मोटारी बसवा. प्रत्येक सुखाला वजन असतं आणि ते गाडीच्या वाहण्याच्या क्षमतेतून वजा होतं. उरलेला आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांवर जाऊ नये. हे स्टिकर कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही. ते भाचीने पाहिलं.

जावईबापूंच्या पसंतीच्या गाडीवर आकडा होता १,४२०. आता आठ हजार पौंडांचा कॅम्पर जोडला, तर त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर येतो, आणि तो सामानात धरायचा असतो. बारा टक्के धरले तर ९६०. उरले ४६०. मग भाचीने घरातल्या वजनकाट्यावर एकेकाला उभं केलं. जावईबापू १९०, ती स्वतः १४५, मोठा ७५, धाकटी ५५. बेरीज ४६५.

पाच पौंड जास्त. अजून हुकाचा लोखंडी सांगाडा, पाण्याच्या बाटल्या आणि धाकटीची सायकल यायची होती. जावईबापूंनी रात्रीचा भात सोडला. तक्त्यात नवा रकाना आला, त्यात रोज सकाळी वजन भरलं जाऊ लागलं. माणसाला हलकं करून गाडीला ताकदवान करण्याचा हा प्रयोग तीन पौंडांवर अडला, कारण मध्ये दिवाळी आली. मग कॅम्पर नेताना भाचीने मुलांना घेऊन आपल्या होंडा ओडिसी या व्हॅनमधून मागोमाग यायचं, असा तोडगा निघाला. तिने तो ऐकून घेतला आणि एवढंच सांगितलं की ओडिसीलाही हूक बसतो आणि ती ३,५०० पौंड ओढते. व्हिडिओ कॉलवर काही क्षण फक्त पंखा ऐकू येत होता, माझ्याकडचा.

ट्रक आला. किंग रँचच, टोइंग पॅकेजही घेतलं, काचेचं छतही घेतलं. निवड करायची नसेल तर दोन्हीचे पैसे द्यायचे, ही सोय तिथल्या बँका आनंदाने करून देतात. गॅरेजमध्ये तो बसत नाही. हौद्याला ओरखडे पडू नयेत म्हणून खास लेप दिला आहे, आणि लेपाला ओरखडे पडू नयेत म्हणून वर झाकण.

यंदाच्या गणपतीत मखर नेल्याचा व्हिडिओ भाचीने पाठवला. नव्या गाडीच्या हुकाला पहिल्याच वर्षी गंज नको आणि रंगाला लाकूड घासायला नको, म्हणून भाड्याचा छोटा ट्रेलर ओडिसीला जोडला होता. ओडिसी भाची चालवत होती, आत दोन्ही मुलं आणि ताशा. मागून, पन्नास फुटांचं अंतर राखून, चारही इंडिकेटर लावून, पाठ रगडून घेत, जावईबापू एकटे ट्रकमधून संरक्षणाला येत होते.