सरड्याची धाव पवनचक्कीपर्यंत

पवनऊर्जेचा फायदा स्थानिकांना होत नाही, अशी ओरड करणाऱ्यांनी आता गप्प बसावं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर एक अस्सल स्थानिक लाभार्थी सापडला आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच रहिवासी, मातीतल्या अंड्यातून वर आलेला खराखुरा भूमिपुत्र. तो सरडा आहे.

साधासुधा नव्हे. विणीच्या हंगामात यातला नर गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवून दगडावर उभा राहतो. म्हणजे कंपन्यांचे पंखे येण्याच्या कितीतरी आधीपासून या पठारावर पंखे होते, फक्त त्यांना करसवलत नव्हती. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली आणि नाव ठेवलं ‘सरडा सुपर्बा’. मराठीला अभिजात दर्जा मिळायच्या आठ वर्षं आधी आमच्या सरड्याला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळून गेला होता.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी याच पठारावर पाहणी करून २०१८ साली निष्कर्ष छापले. जिथे पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी, चक्क्या नसलेल्या भागाच्या मानाने, जवळजवळ पाव हिश्शावर आलेले. आकाशातून झडप घालणारं कुणी उरलं नाही म्हटल्यावर सरडे वाढले. त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक उतरलं. माणूस पार जवळ आला तरी ते पळेनात. संख्येत वाढ, शत्रूचा बंदोबस्त आणि वर तणावमुक्त जीवन! एवढं कुठल्या सरकारी योजनेनं आजवर दिलंय?

बारीक अक्षरात छापलेल्या अटी मात्र याही योजनेला आहेत. खाणारी तोंडं वाढली, चरायला पठार तेवढंच. सरडे रोडावले. नरांच्या गळ्यावरचे रंगही फिके पडले. सरडा रंग बदलतो हे आपण दर निवडणुकीत पाहतो. इथे बिचाऱ्याचा रंगच उडाला.

दुष्काळाच्या वर्षांत ‘या पंख्यांनी ढग पळवले’ अशी तक्रार गावागावांतून झाली होती. तज्ज्ञ हसले, आणि बरोबरच हसले. पवनचक्क्या ढग पळवत नाहीत. घारी-ससाणे पळवतात. पण घारींनी तक्रार केली नव्हती, त्यामुळे ती बाब कुठल्याच फायलीत आली नाही.

वरची नजर हटली की खालचे धीट होतात, हा नियम काही पठारापुरता नाही. पर्यावरण आघात मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना उघडून पाहा: पवनचक्कीचं त्यात नावच नाही. त्यामुळे ना अहवाल, ना जनसुनावणी. वनजमीन लागलीच तर तेवढी वनखात्याची परवानगी. पुढे २०१६ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं उद्योगांना रंग वाटले: लाल, नारिंगी, हिरवा आणि सर्वांत सोवळा पांढरा. पवनचक्की पांढऱ्यात बसली. पंगतीला शेजारी कोण, तर सायकलींची जोडणी आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे खडू! आता खडू बनवण्यासाठी घाट रुंद करून चाळीस मीटरचं पातं डोंगरमाथ्यावर चढवावं लागत नाही, हा किरकोळ फरक सोडून द्या.

तो फरक भीमाशंकरच्या डोंगरात दिसला होता. तिथे शेकरूचं अभयारण्य आहे, आणि शेकरू हा आपला राज्यप्राणी, म्हणजे ज्याचं चित्र जपलं की काम भागतं असा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं २०११ च्या अहवालात तिथल्या पवनचक्की प्रकल्पाबद्दल लिहून ठेवलं आहे: सदाहरित जंगल तुटलं, उभ्या चढाच्या वेड्यावाकड्या रस्त्यांनी दरडी सुटल्या, राडारोडा सुपीक शेतांत आणि जलाशयांत उतरला. शिवाय ‘खासगी क्षेत्र’ अशा खोट्या पाट्या आणि तपासणी नाके लावून पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांनाच डोंगरावर फिरायला बंदी. वारा फुकट असतो. वारा खायला जायचं तर मात्र पास लागतो.

ज्यांनी जन्मभर फक्त एसीचा वारा घेतला, अशा धनवंतांनाही मध्यंतरी पवनचक्क्यांची ओढ लागली होती. कारण प्राप्तिकरात मिळणारा घसारा. एके काळी पहिल्याच वर्षी शंभर टक्के, मग ऐंशी टक्के, २०१७ पासून चाळीस. वीज किती झाली हे नंतर बघू, कर किती वाचला ते आधी सांगा. डोंगराचा घसारा मात्र दर पावसाळ्यात निघतो आणि थेट पायथ्याच्या माणसाच्या वावरात जमा होतो. त्याला वजावट नाही.

एवढं बोललं की लगेच कुणीतरी विचारतं, म्हणजे तुम्ही कोळशाच्या बाजूचे का? नाही हो. औष्णिक विजेची चव कशी असते ते चंद्रपूरच्या माणसाला विचारावं. पवनचक्की हवीच. पण कुठल्या सड्यावर, कुठल्या रस्त्यानं आणि किती, हे पातं चढवायच्या आधी विचारलं तर वारा रागावून वाहायचा थांबत नाही. शिवाय विचारायची वेळ पुन्हा आली आहे. जुन्या, छोट्या चक्क्या काढून त्याच जागी नव्या, मोठ्या बसवायचं केंद्राचं धोरण २०१६ मध्ये आलं, २०२३ मध्ये सुधारून पुन्हा आलं. मोठी चक्की म्हणजे लांब पातं, आणि लांब पातं म्हणजे घाटाचं वळण पुन्हा फोडणं. यादीचा रंग अर्थातच पांढरा.

म्हणून शासनाला एक नम्र सूचना. मंत्रालयात एक घार नेमावी. कायम पद नसलं तरी हरकत नाही, कंत्राटी चालेल. अट एकच: तिला घरटं मंत्रालयाच्या आवारात देऊ नये. नाहीतर महिन्याभरात तिचंही ताणाचं संप्रेरक उतरेल, आणि माणूस पाकीट घेऊन पार जवळ आला तरी ती उडणार नाही.